बाजारपेठेजवळचा जुना छोटा फ्लॅट : शोधताना, कागद तपासताना, दुरुस्त करताना

बेळगावात घर घ्यायचं म्हटलं की हल्ली दोन रस्ते दिसतात. एक, शहराबाहेर नव्या ले-आउटमध्ये प्लॉट किंवा नवा फ्लॅट. दुसरा, गणपत गल्ली, खडेबाजार, किर्लोस्कर रोड, कॉलेज रोड, टिळकवाडी, शहापूर या जुन्या भागातला वीस-तीस वर्षांपूर्वीचा छोटा फ्लॅट. पहिल्या रस्त्याच्या जाहिराती रोज मोबाईलवर येतात. दुसऱ्याची कोणी जाहिरात करत नाही. तो ओळखीतून, एजंटाकडून किंवा गॅलरीला लावलेल्या पाटीवरूनच कळतो.

तरी मध्यम पगाराच्या कुटुंबाला दुसरा रस्ता अनेकदा परवडतो. बाजार, दवाखाना, बस स्टँड, मुलांची मराठी शाळा पायी अंतरावर असते. घरात म्हातारी माणसं असतील तर याची किंमत पैशात होत नाही. अडचण एवढीच की जुन्या फ्लॅटमध्ये दोन गोष्टी झाकलेल्या असतात, कागद आणि भिंतीच्या आतले पाईप. त्यात सीमाभागातल्या मराठी माणसाची आणखी एक पंचाईत आहे. खरेदीचे कागद बहुतेक वेळा कन्नडमध्ये असतात आणि अनेकजण ते न वाचता सही करतात. आयुष्यभराची पुंजी ज्या कागदावर जाते, तो कागदच आपल्याला कळत नाही, हे चालणार नाही. म्हणून ही माहिती टप्प्याटप्प्याने.

आधी हिशेब, मग घर

जाहिरातीत ‘६५० चौरस फूट’ लिहिलेलं असतं. हा आकडा बहुधा सुपर बिल्ट-अप असतो, म्हणजे त्यात जिना, पॅसेज, भिंतींची जाडी सगळं मोजलेलं. प्रत्यक्ष चटई टाकता येईल ती जागा म्हणजे कार्पेट. कार्पेटवर तीस टक्के चढवून जाहिरात केली असेल तर ६५० चे ५०० होतात. आता किंमत २८ लाख धरा. जाहिरातीच्या हिशेबाने दर पडतो सुमारे ४,३०० रुपये फूट, कार्पेटच्या हिशेबाने ५,६०० रुपये. दोन फ्लॅटची तुलना करायची तर दोन्हींचं कार्पेट स्वतः टेप लावून मोजा आणि मगच दर काढा. २०१६ च्या रेरा कायद्याने नव्या प्रकल्पांना कार्पेट सांगणं बंधनकारक केलं. जुन्या फ्लॅटच्या कागदात मात्र ते असेलच असं नाही.

दुसरा हिशेब सरकारी खर्चाचा. कर्नाटकात फेरविक्रीच्या फ्लॅटला मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर सेस आणि अधिभार मिळून शहरात ५.६ टक्के पडतं. नोंदणी फी ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ वरून २ टक्के झाली. एकूण ७.६ टक्के. २८ लाखांच्या फ्लॅटला हे २,१२,८०० रुपये होतात. स्वस्त फ्लॅटना शुल्कात जी सवलत ऐकायला मिळते ती नव्या फ्लॅटच्या पहिल्या विक्रीसाठी आहे, जुन्याला ती धरू नका. शिवाय शुल्क ठरलेली किंमत आणि सरकारी मार्गसूची दर, यांत जे जास्त असेल त्यावर लागतं. त्यामुळे सौदा ठरवण्याआधी त्या गल्लीचा मार्गसूची दर बघून ठेवा.

एक गोष्ट फायद्याची. जुन्या, राहत्या फ्लॅटच्या फेरविक्रीवर जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर तो परवडणाऱ्या गटात १ टक्का आणि इतरांना ५ टक्के असतो.

तिसरा हिशेब कर्जाचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देता येते. ‘जास्तीत जास्त’ हा शब्द महत्त्वाचा, कारण जुन्या इमारतीला बँक हात आखडता घेते आणि इमारतीचं वय बघून मुदतही कमी करते. म्हणून ८० टक्केच धरा. २८ लाखांचे ८० टक्के म्हणजे २२.४० लाख. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं धरली तर हप्ता साधारण १९,४४० रुपये. वीस वर्षांत व्याजच सव्वाचोवीस लाखांच्या आसपास जातं. उरलेले ५.६० लाख आणि शुल्काचे २.१३ लाख मिळून पावणेआठ लाख रुपये खिशातून आधी काढावे लागतात. वकील, बँकेचे चार्जेस आणि दुरुस्ती याच्या वरचे. मुद्रांक आणि नोंदणीसाठी बँक सहसा पैसे देत नाही, हे अनेकांना अगदी शेवटच्या आठवड्यात कळतं.

‘थोडी रक्कम रोख द्या, कागदावर कमी दाखवू’ असं सांगितलं तर नको म्हणा. मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. घेणाऱ्याचं तर सोडाच, तुमचंही नुकसान आहे. कागदावर किंमत कमी म्हणजे कर्जही कमी, आणि सौदा फिसकटला तर रोख दिल्याचा पुरावा नाही.

कोणते कागद मागायचे

विक्रेत्याकडून पुढचे कागद मागा. मूळ नव्हे, झेरॉक्स चालेल. मूळ कागद वकिलाला दाखवायचे.

१. खरेदीपत्रांची साखळी. आजच्या मालकाला फ्लॅट कुणाकडून आला, त्याला कुणाकडून, असं मागे जात बिल्डर आणि मूळ जागामालकापर्यंत. वकील साधारण तीस वर्षं मागे बघतात.

२. बोजा प्रमाणपत्र, म्हणजे ईसी. मालमत्तेवर कर्ज, गहाण, आधीची विक्री याची नोंद यात असते. व्यवहार असतील तर नमुना १५, नसतील तर नमुना १६ मिळतो. कावेरी पोर्टलवर २००४ पासूनचा शोध ऑनलाइन निघतो, त्याआधीचा सब-रजिस्ट्रार कार्यालयातून घ्यावा लागतो. जुन्या बेळगावात २००४ च्या आधीचा भागच जास्त महत्त्वाचा असतो, तो टाळू नका.

३. ई-खाता. ऑक्टोबर २०२४ पासून शहरी मालमत्तेच्या नोंदणीला तो लागतो. विक्रेत्याने अजून काढला नसेल तर संचकार देण्याआधी त्याला काढायला सांगा. ए-खाता की बी-खाता, हे बघा. बी-खाता म्हणजे मंजुरीत काही उणीव आहे, तरी कर घेण्यासाठी नोंद ठेवलेली आहे. अशा फ्लॅटला बहुतेक बँका कर्ज देत नाहीत. आणि लक्षात ठेवा, खाता ही कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा खरेदीपत्रच.

४. सिटी सर्व्हेचा उतारा. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळे इथल्या जुन्या भागात सीटीएस नंबर आणि मालमत्ता पत्रक आजही चालतं. खरेदीपत्रातला सीटीएस नंबर आणि उताऱ्यातला नंबर एकच आहे ना, ते जुळवून बघा.

५. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र. नकाशात तीन मजले आणि प्रत्यक्षात चार, असं जुन्या इमारतीत दिसतं. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट स्वस्त का मिळतोय, याचं उत्तर तिथेच असतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं आहे की पूर्णत्व किंवा भोगवटा दाखला बघूनच वीज-पाण्याची जोडणी आणि बँकेचं कर्ज द्यावं.

६. जमिनीतला अविभाज्य हिस्सा. खरेदीपत्रात तुमच्या फ्लॅटच्या वाट्याला जमिनीचे किती चौरस फूट आहेत, हे लिहिलेलं असतं. इमारत जुनी झाल्यावर आणि पुन्हा बांधायची वेळ आल्यावर हाच हिस्सा कामी येतो.

७. घरपट्टी, हेस्कॉमचं बिल, पाणीपट्टी आणि असोसिएशनची थकबाकी नसल्याचं पत्र. कर्नाटकात फ्लॅटसाठी १९७२ चा अपार्टमेंट मालकी कायदा आहे. महाराष्ट्रासारखी सहकारी गृहनिर्माण संस्था आणि शेअर सर्टिफिकेट इथे सहसा नसतं. म्हणून पुण्या-कोल्हापूरच्या नातेवाइकाने दिलेली कागदांची यादी इथे जशीच्या तशी चालत नाही.

गल्लीतल्या इमारतींची खास अडचण

जुन्या गल्ल्यांतल्या बऱ्याच इमारती वडिलोपार्जित घर पाडून, जागामालक आणि बिल्डर यांच्या करारातून उभ्या राहिल्या. काही फ्लॅट बिल्डरच्या वाट्याला, काही मालकाच्या. तुम्ही घेताय तो फ्लॅट मालकाच्या वाट्याचा असेल तर त्या घराण्याचं वाटणीपत्र मागाच. लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्या सह्या किंवा हक्कसोड आहे का, हे मुद्दाम विचारा. कर्नाटकात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क देणारी दुरुस्ती १९९४ मध्येच झाली, देशभरात ती २००५ मध्ये आली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क आणखी स्पष्ट केला. ‘बहिणी काही म्हणणार नाहीत हो’ हे वाक्य कोर्टात चालत नाही.

कॅम्प भागात फ्लॅट किंवा घर बघत असाल तर तिथला कायदाच वेगळा. छावणीतल्या अनेक जागा भारत सरकारच्या मालकीच्या, जुन्या ग्रँटवर किंवा भाडेपट्ट्यावर आहेत. त्यांची नोंद छावणीच्या जमीन रजिस्टरात असते. हस्तांतराची परवानगी कुणाची लागते, हे तिथे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कन्नड कागद वाचायचा कसा

घाबरण्यासारखं यात काही नाही. कागदातले बरेच शब्द आपल्याच ओळखीचे आहेत. क्रयपत्र म्हणजे खरेदीपत्र. संचकारपत्र म्हणजे ज्याला महाराष्ट्रात साठेखत म्हणतात ते. ऋणभार प्रमाणपत्र म्हणजे बोजा नसल्याचा किंवा असल्याचा दाखला. अडमान म्हणजे गहाण, हा शब्द दिसला की थांबायचं. विस्तीर्ण म्हणजे क्षेत्रफळ, चदर अडी म्हणजे चौरस फूट. चक्कुबंदी म्हणजे चतुःसीमा, आणि दिशांची नावं तर तीच आहेत, पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण.

तरी शब्द ओळखता येणं वेगळं आणि दस्त समजणं वेगळं. म्हणून तीन गोष्टी करा. मसुदा सहीच्या किमान चार दिवस आधी हातात घ्या. कन्नड चांगलं वाचणाऱ्या आणि व्यवहाराशी संबंध नसलेल्या माणसाकडून तो ओळीओळीने मराठीत वाचून घ्या. शेजारी, सहकारी, शाळेतले शिक्षक, असा माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतोच. तिसरं, वकील तुमचा वेगळा असू द्या. एजंटाने दिलेला किंवा विक्रेत्याचा नको. दस्त इंग्रजीतही करता येतो. दोघांची तयारी असेल तर तसं आधीच ठरवा.

वाचताना नाव, सीटीएस नंबर, फ्लॅट नंबर, मजला, क्षेत्रफळ, चतुःसीमा, जमिनीतला हिस्सा आणि पार्किंग, एवढं बोट ठेवून तपासायचं. पार्किंग तोंडी दिलेलं असतं आणि कागदात नसतं, यावरून पुढे भांडणं होतात. नावाचं स्पेलिंग आधारवर, पॅनवर आणि दस्तात एकच हवं. कन्नडमधून इंग्रजीत जाताना मराठी आडनावांची अक्षरं बदलतात, आणि मग बँकेत फेऱ्या माराव्या लागतात.

घर बघायचं ते पावसात

बेळगावचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे जमलं तर जुलै-ऑगस्टमध्ये घर बघा. उन्हाळ्यात नवा रंग मारलेली भिंत काहीच सांगत नाही. पावसात ती सगळं सांगते.

वरचा मजला असेल तर गच्ची बघा. कोबा फुटलाय का, पाणी कुठे साठतं, पन्हळ तुंबलीय का. मधला मजला असेल तर वरच्या घराच्या बाथरूमखालचं छत बघा. पिवळे डाग म्हणजे वरून गळती, आणि ती दुरुस्त करायची तर वरच्या शेजाऱ्याची मर्जी लागते. बीम आणि कॉलमवर सळीच्या रेषेत उभी-आडवी चीर असेल, सिमेंटचे पोपडे पडून गंजलेली सळी दिसत असेल, तर तिथे रंगाऱ्याचं काम नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. त्याची फी सगळ्या खर्चात किरकोळ असते आणि तीच तुम्हाला लाखो रुपयांच्या चुकीतून वाचवते.

पाणी विचारा. राकसकोप आणि हिडकलचं पाणी शहराला येतं, पण कुठल्या भागात चोवीस तास आणि कुठे दिवसाआड, हे गल्लीगणिक बदलतं. विक्रेत्याला नको, खालच्या दुकानदाराला किंवा शेजारच्या बाईंना विचारा. रात्री आठनंतर एकदा जाऊन या. गाडी कुठे लागते, आवाज किती, जिन्यात दिवा आहे का, हे तेव्हाच कळतं.

दुरुस्ती : आतून बाहेर

घर ताब्यात आल्यावर लोक आधी किचन ट्रॉली आणि फॉल्स सीलिंगकडे धावतात. क्रम उलटा हवा. जे भिंतीत आणि फरशीखाली जाणार आहे, ते आधी.

पहिलं, प्लंबिंग. नव्वदच्या दशकातल्या फ्लॅटमध्ये जीआय पाईप असतात, आतून गंजून त्यांचं भोक अर्धं झालेलं असतं. गरम पाण्याला सीपीव्हीसी, गार पाण्याला सीपीव्हीसी किंवा यूपीव्हीसी घालून घ्या. भिंत बुजवण्याआधी नळ बंद करून लाइनवर दाब देऊन बघा, आणि प्रत्येक भिंतीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडतो.

दुसरं, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग. जुनी भर काढून नवा थर दिल्यावर किमान चोवीस तास, शक्यतो अठ्ठेचाळीस, पाणी साठवून ठेवा. खालच्या घरी जाऊन छत बघा. मगच टाइल्स. हा एक दिवस वाचवायला गेलात तर पुढे नवी फरशी फोडावी लागते, शिवाय शेजाऱ्याशी वाकडं येतं.

तिसरं, वायरिंग. दिव्या-पंख्याला १.५, साध्या पॉवर पॉइंटला २.५ आणि गीझर किंवा एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरतात. जुन्या फ्यूजच्या जागी एमसीबी, आणि त्यासोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. करंट लागला तर माणूस वाचवतो तो हा. अर्थिंग तपासून घ्या.

मग गवंडीकाम, फरशी, सुतारकाम आणि शेवटी रंग.

फरशीत पैसे वाचतात. जुनी मोझॅक फरशी धड असेल तर ती फोडू नका, मशीनने पॉलिश करून घ्या. बदलायचीच असेल तर ५०० फुटाला दहा टक्के जादा धरून ५५० फूट मागवा. दोन बाय दोनची टाइल बॉक्समध्ये चार, म्हणजे १६ फूट. ३५ बॉक्स झाले. दोन-चार टाइल्स जपून ठेवा, तोच शेड पुन्हा मिळत नाही. रंगाचं क्षेत्र जमिनीच्या साधारण तीन ते साडेतीन पट धरतात. रंगारी त्याहून फार जास्त सांगत असेल तर टेप काढा.

भिंत पाडायची असेल तर जरा थांबा. कॉलम-बीमला हात लावायचा नाही, हे सगळे जाणतात. पण नवी भिंत घालणंही साधं नाही. दहा फूट लांब, नऊ फूट उंच, साडेचार इंची विटेची भिंत प्लास्टरसह दोन टनांच्या घरात जाते. ती जुन्या स्लॅबवर कुठेही उभी करता येत नाही. पार्टिशन हवंच तर हलके ब्लॉक किंवा बोर्ड वापरा, आणि इंजिनिअरला विचारून.

कंत्राटदाराशी ठरवताना ‘सगळं मिळून एवढे’ असं ठरवू नका. कामागणिक माप आणि दर कागदावर लिहा, मालाचा ब्रँड लिहा, राडारोडा कोण उचलणार ते लिहा. पैसे टप्प्याने द्या आणि शेवटचे दहा टक्के सगळे नळ, बटणं, दारं तपासून झाल्यावर. अंदाजपत्रकावर दहा ते पंधरा टक्के जादा राखून ठेवा. जुन्या भिंतीत काय निघेल, हे ती फोडल्यावरच कळतं. पैसे कमी पडले तर वैयक्तिक कर्जाच्या आधी बँकेत घरदुरुस्तीचं कर्ज विचारा, व्याज कमी पडतं.

इतर राज्यांतल्या वाचकांसाठी

गोव्यात लग्नानंतर मिळकतीत पती-पत्नीचा समाईक हक्क असतो. त्यामुळे फ्लॅट एकाच्या नावावर असला तरी विक्रीवर दोघांच्या सह्या लागतात. वारसाने आलेल्या घराला इन्व्हेंटरीची कोर्टातली प्रक्रिया झालीय का, ते बघा. वडोदऱ्यात जुन्या शहराचे काही भाग अशांत धारा कायद्याखाली येतात, तिथे विक्रीआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. इंदूर, ग्वाल्हेरला जुन्या वस्तीत जागा नझूल भाडेपट्ट्याची तर नाही ना, हे तपासा. हैदराबादला मंजूर नकाशापेक्षा जादा मजला आणि जमिनीतला अविभाज्य हिस्सा, या दोन गोष्टी आधी बघा. घरदुरुस्तीचा भाग मात्र सगळीकडे सारखाच.

शेवटी क्रम लक्षात ठेवा

आधी मार्गसूची दर आणि स्वतःचा हिशेब. मग पावसाळ्यातली पाहणी. मग कागदांची झेरॉक्स वकिलाकडे. वकिलाने लेखी अभिप्राय दिल्यावरच संचकार, तोही चेकने किंवा ऑनलाइन, आणि ‘कागदात दोष निघाल्यास रक्कम परत’ हे वाक्य त्यात असलंच पाहिजे. मग कर्ज, मग नोंदणी. नोंदणी झाल्यावर महिन्याभरात खाता आणि वीज मीटर आपल्या नावावर करून घ्या. घरपट्टी एप्रिलमध्ये भरली तर पाच टक्के सूटही मिळते.

घाई करणारा विक्रेता ‘दुसरं गिऱ्हाईक उभं आहे’ असं सांगतो. असेना का. बाजारपेठेत जुने फ्लॅट पुन्हा निघतात, वीस वर्षांचा हप्ता मात्र एकदा सुरू झाला की थांबत नाही.